कार्बोरेटर बदलायचा की धुवायचा? जुन्या मोटारसायकलवाल्यांसाठी हिशेबाच्या चार गोष्टी

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला जाणारा कामगार, पहाटे दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारा तरुण, थापी-ओळंबा पिशवीत घालून साईट गाठणारा गवंडी, कपड्यांचे गाठोडे मागे बांधून आठवडी बाजार करणारा विक्रेता, या सर्वांची रोजी दोन चाकांवर चालते. आणि ही गाडी बहुधा नवी नसते. कुणी ती मोठ्या भावाकडून घेतलेली असते, कुणी सोसायटीचे कर्ज काढून जुनी विकत घेतलेली असते.

हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० या दोन्ही गाड्या १९८५ साली रस्त्यावर आल्या. स्प्लेंडर १९९४ मध्ये आली. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. परंतु जुन्या गाड्या काही एका दिवसात भंगारात गेल्या नाहीत. आपल्या वस्तीत उभ्या असलेल्या गाड्या मोजून पाहा, कार्बोरेटरवाल्या गाड्या आजही पुष्कळ दिसतील.

अशी गाडी एखाद्या सकाळी किक मारून मारून सुरू होत नाही. मिस्त्री झाकण उघडतो, बोट फिरवतो आणि म्हणतो, "दादा, कार्बेटर गेला. नवा टाकावा लागेल." घरी आल्यावर मुलगा म्हणतो, "पप्पा, टाकायचाच तर मोठा टाकू, पिकअप वाढेल." खर्च दोन-तीन दिवसांच्या मजुरीचा, कधी त्याहून जास्त. म्हणून हा खर्च करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवली पाहिजेत. जुना कार्बोरेटर खरोखर निकामी झाला आहे काय? आणि झाला असेल तर आपल्याच इंजिनाला बसणारा नवा कोणता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा "नाही" असे येते. दुसऱ्याचे उत्तर जुन्या कार्बोरेटरच्या अंगावरच लिहिलेले असते.

कार्बोरेटर करतो तरी काय?

पूर्वी घरोघरी डास मारायला फ्लिटचा पंप असे, तो आठवा. दांडा पुढे ढकलला की डब्यातून वर आलेल्या बारीक नळीच्या तोंडावरून हवेचा झोत जायचा. त्या झोताने नळीच्या तोंडाशी दाब कमी व्हायचा, औषध आपोआप वर चढायचे आणि त्याचा धुका होऊन बाहेर पडायचा. कार्बोरेटर हेच काम करतो. फरक इतकाच की इथे हवा इंजिन ओढते आणि औषधाऐवजी पेट्रोल असते.

कार्बोरेटरचा मधला भाग गळ्यासारखा अरुंद असतो. अरुंद जागेतून हवा वेगाने जाते, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर येते. वाटीत पेट्रोल किती राहावे हे फ्लोट ठरवतो, जसा संडासाच्या टाकीतला फुगा पाणी ठरवतो. रेस दिली की गोल स्लाईड वर उचलली जाते, तिच्याबरोबर निमुळती सुई वर येते आणि जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जाते. साध्या पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळणे एवढेच कार्बोरेटरचे काम. पेट्रोल जास्त झाले तर काळा धूर येतो आणि ॲव्हरेज पडते. पेट्रोल कमी पडले तर इंजिन तापते, गाडी झटके मारते.

आधी आजार ओळखा

गाडी बिघडली की पहिला आळ कार्बोरेटरवर येतो. पण पुष्कळदा दोष शेजाऱ्याचा असतो. म्हणून नवा कार्बोरेटर घेण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने पाहून घ्याव्यात. यातल्या बहुतेकांना फारसा खर्च नाही.

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. तो धुळीने बुजला असेल तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त, असाच प्रकार होणार. मग कार्बोरेटर कितीही नवा असो, गाडी काळा धूर सोडणारच.

प्लग काढून त्याचे तोंड पाहा. काजळीसारखे काळे असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. पांढरेफटक असेल तर कमी जात आहे. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक आहे, दुखणे दुसरीकडे शोधा.

पेट्रोलच्या नळाखालची जाळी पाहा. जुन्या टाकीत गंज धरतो आणि तो गंज जेटमध्ये जाऊन बसतो. टाकी साफ न करता कार्बोरेटर बदलला तर आठ दिवसांत नव्याची तीच गत होते.

कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला रबरी जोड पाहा. तो वर्षानुवर्षे तापून भेगाळतो आणि भेगेतून फुकटची हवा आत जाते. इंजिन स्लोवर चालू असताना त्या जोडावर पाण्याचा हलका शिडकावा करावा, मात्र प्लगच्या वायरीवर पाणी जाऊ देऊ नये. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. हा रबराचा तुकडा कार्बोरेटरच्या मानाने फारच स्वस्त असतो.

शेवटी चोकची परीक्षा. गरम झालेली गाडी झटके मारत असेल आणि चोक थोडा ओढल्यावर बरी चालत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे, म्हणजे जेट तुंबलेला आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. चोक ओढल्यावर गाडी आणखी बिघडत असेल, तर पेट्रोल आधीच जास्त जात आहे.

एवढे झाल्यावर कार्बोरेटर उतरवून धुवून घ्यावा. जेट स्वच्छ करताना त्यात सुई किंवा सेफ्टी पिन घालू देऊ नये. जेटचे भोक ठरावीक मापाचे असते, सुईने ते मोठे होते आणि पुन्हा लहान करता येत नाही. हवेच्या पंपाने फुंकून काढणे हाच खरा उपाय. वाटीचे पॅकिंग, रबरी रिंगा आणि फ्लोटची पिन यांचे किट बाजारात मिळते. वाटीतून पेट्रोल ओव्हर होऊन टपकत असेल तर पुष्कळदा ती पिन बदलल्यावरच काम भागते.

मग नवा कधी घ्यावा?

काही दोष मात्र धुऊन जात नाहीत. स्लाईड आणि तिची वाट दोन्ही झिजून स्लाईड खळखळ वाजू लागली असेल, त्यामुळे स्लोवर गाडी कधी वाढते, कधी बंद पडते, असे होत असेल, तर शरीरच झिजले आहे. जेटचे किंवा झाकणाचे आटे उडाले असतील, बोल्ट जास्त आवळल्यामुळे तोंड वाकडे झाले असेल, वाटीत पाणी साचून आतून पांढरी भुकटी धरली असेल आणि बारीक छिद्रे खाल्ली गेली असतील, तर दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. वारंवार किट टाकण्यापेक्षा एकदाच नवा घेतलेला स्वस्त पडतो.

मिस्त्रीने "गेला" असे म्हटले तर रागावू नका, भांडू नका. "काय झिजलंय ते जरा दाखवता का?" एवढेच विचारा. जाणकार मिस्त्री स्लाईड हलवून दाखवील, आटे दाखवील. आपला जुना भाग आपल्या हाती परत मागून घेणे हा गिऱ्हाईकाचा हक्क आहे, त्यात संकोच धरू नये.

नंबर पाहून घ्या, रूप पाहून नको

जुन्या कार्बोरेटरचा बाहेरचा मळ पुसा. अंगावर कंपनीचे नाव आणि अक्षर-अंक कोरलेले दिसतील. ते कागदावर उतरवून घ्या. उदाहरणार्थ, बुलेट ३५० वर मिककार्ब नावाचा व्हीएम२४ आणि बुलेट ५०० वर व्हीएम२८ येत असे. यातला २४ किंवा २८ हा आकडा गळ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. हिरो होंडाच्या शंभर सीसी गाड्यांवर केहिन हे नाव सापडते. हिरो आणि होंडा वेगळे झाल्यावर २०११ पासून कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले, तेव्हा डब्यावर हे नवे नाव दिसले तर बिचकू नये.

दुकानात जाताना जुना कार्बोरेटर पिशवीत घालून सोबत न्यावा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावे. गळ्याचा व्यास तोच आहे काय? बोल्टची दोन भोके तेवढ्याच अंतरावर आहेत काय? एअर फिल्टरच्या नळीत शिरणारे तोंड तेवढेच जाड आहे काय? चोक त्याच बाजूला आहे काय? रेसची केबल तशीच बसते काय? यातल्या एकाही प्रश्नाला दुकानदार "बसवून घेता येईल" असे म्हणाला, तर तो माल आपल्या गाडीचा नाही असे समजावे.

यापुढची गोष्ट महत्त्वाची आहे. एकच कार्बोरेटर बाहेरून सारखा दिसला तरी वेगवेगळ्या गाड्यांसाठी आतले जेट आणि सुई वेगळी असते. म्हणून मेन जेट आणि पायलट जेट यांवरचे आकडेही जुळवून पाहावेत. दोन कंपन्यांचे जेट मात्र आकड्यावरून ताडून पाहू नयेत. प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत सारखी नसते, त्यामुळे एकीचा १०० आणि दुसरीचा १०० एकाच मापाचे असतीलच असे नाही.

डुप्लिकेट माल ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. ओतकामाच्या कडा खरखरीत असतात, कोरलेली अक्षरे पुसट असतात, स्लाईड अडकत अडकत खाली येते, जेटवर आकडाच नसतो. चांगल्या कार्बोरेटरची स्लाईड वर उचलून सोडली की अलगद आणि सरळ खाली बसते. पक्के बिल घ्यावे आणि "बसला नाही तर परत घेणार काय?" हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे.

मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याची भंगाराची दुकाने अशा ठिकाणी जुना पण अस्सल कार्बोरेटर मिळू शकतो. डुप्लिकेट नव्यापेक्षा अस्सल जुना कधी कधी बरा ठरतो. मात्र वर सांगितलेली झिजेची सारी परीक्षा तिथेच उभे राहून करावी.

मोठ्या कार्बोरेटरचा मोह

तरुण मुलांचा ओढा मोठ्या कार्बोरेटरकडे असतो. आरएक्स १०० ला २८ मिलिमीटरचा बाहेरून आलेला कार्बोरेटर लावलेली गाडी कुठेतरी पाहिलेली असते आणि तिचा आवाज कानात बसलेला असतो. त्यांना रागावण्यापेक्षा कारण समजावून सांगावे.

इंजिन जेवढे मोठे तेवढीच हवा ते ओढते. आरएक्स १०० चे इंजिन ९८ सीसीचे. त्याला मोठा गळा लावला की कमी वेगात हवा त्यातून रमतगमत जाते, ओढ कमी पडते आणि पेट्रोलचा नीट धुका होत नाही. गर्दीतून, सिग्नलवरून, चढावर गाडी अडखळते. शर्यतीसाठी पोर्ट, सायलेन्सर, जेट असे सगळेच बदलून बांधलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. मुलाला मागे बसवून शाळेत सोडणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी.

आरएक्स १०० च्या बाबतीत आणखी एक धोका आहे. ही टू स्ट्रोक गाडी. तिच्या रेसच्या केबलला दोन फाटे आहेत, एक कार्बोरेटरला जातो आणि दुसरा ऑइल पंपाला. रेस वाढली की ऑइलही वाढते, अशी ती जोडी आहे. भलताच कार्बोरेटर बसवला आणि केबलची लांबी चुकली, तर पेट्रोल वाढते पण ऑइल मागे राहते. त्यात मिश्रण कोरडे झाले की पिस्टन तापून सिलिंडरमध्ये चिकटतो. धावत्या गाडीचे मागचे चाक एकाएकी जाम होते. इथे पैशाचाच नव्हे, जिवाचाही प्रश्न येतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होईल असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. १५ वर्षे झाली की पुनर्नोंदणीसाठी गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते, त्या वेळी असले शौक महागात पडतात.

मूळ कार्बोरेटर मिळतच नसेल तर

काही गाड्यांचे कारखानेच बंद झाले. म्हैसूरच्या येझदीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. अशा गाडीचा मूळ कार्बोरेटर चांगल्या अवस्थेत मिळणे कठीण असते आणि अनेक मिस्त्री तिथे बुलेटचा व्हीएम२४ बसवतात. असा बदल करावाच लागला तर गळ्याचा व्यास मूळ मापाच्या जवळचा ठेवावा आणि त्याच जातीची गाडी ज्याने आधी नीट चालवून दाखवली आहे अशाच मिस्त्रीकडे जावे. बुलेट फोर स्ट्रोक, येझदी टू स्ट्रोक. म्हणून कार्बोरेटर डब्यातून काढला आणि लावला, असे चालत नाही. जेट आणि सुईची जागा त्या इंजिनाप्रमाणे ठरवावी लागते. मिस्त्री जेटचे दोन-तीन नंबर लावून, प्लगचा रंग पाहून ते ठरवतो. त्या कामाची मजुरी आधीच हिशेबात धरावी.

१९८३ मध्ये आलेल्या राजदूत ३५० सारख्या दोन सिलिंडरच्या गाडीला कार्बोरेटरही दोन असतात. दोन्ही स्लाईड एकाच वेळी, सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत. एक नवा आणि एक झिजलेला अशी जोडी जुळत नाही. तिथे दोन्हींची तयारी ठेवावी किंवा दोन्ही दुरुस्त करावेत.

इथेनॉलचे पेट्रोल

२० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. जुन्या कार्बोरेटरची रबरे या पेट्रोलाचा विचार करून बनवलेली नव्हती. ती फुगतात, कडक होतात, चिरतात. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो, म्हणून त्याच जेटमधून जाणारे मिश्रण थोडे कोरडे होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाणी जास्त झाले की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसते.

यावर उपाय साधे आहेत. किट घेताना ई-२० ला चालणारी रबरे मागावीत. पेट्रोलची नळीही त्याच वेळी बदलावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर नळ बंद करून वाटीतले पेट्रोल काढून टाकावे. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे.

बसवल्यानंतर

नवा कार्बोरेटर बसवला म्हणजे काम संपले नाही. गाडी दहा मिनिटे चालवून गरम करावी आणि मगच ट्यूनिंग करावे. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन साधारण दीड फेरा बाहेर काढतात आणि तेथून मागे-पुढे करून इंजिन सर्वांत गुळगुळीत चालते ती जागा शोधतात. नंतर स्लो कमी करतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. वळवताना रेस आपोआप वाढत असेल तर केबल ताणली जात आहे, ती तत्काळ सैल करावी.

त्यानंतर पीयूसी करून घ्यावी. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे आणि त्यानंतरच्या भारत स्टेज ४ पूर्वीच्या गाड्यांना ३.५ टक्के. पीयूसीच्या कागदावरचा आकडा नुसता पास-नापास म्हणून पाहू नका. तो मर्यादेच्या अगदी जवळ असेल तर पेट्रोल जास्त जळत आहे, म्हणजे आपले पैसे धुरातून जात आहेत.

घरातील भगिनींना एक विनंती. कार्बोरेटर धुण्याचे काम घरात, मोरीत किंवा शेगडीजवळ करू देऊ नका. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. हे काम उघड्यावर, विडी-काडी दूर ठेवून करावे. उरलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये, लहान मूल ते पाणी समजून पिते.

खर्चाचा क्रम एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. आधी फिल्टर आणि प्लग, मग टाकीची आणि नळाची सफाई, मग रबरी जोड, मग कार्बोरेटरची धुलाई आणि किट आणि सर्वांत शेवटी त्याच नंबरचा नवा कार्बोरेटर. त्याच कागदावर आपल्या कार्बोरेटरचा नंबर आणि जेटचे आकडेही आजच उतरवून ठेवा. गाडी बंद पडेल त्या दिवशी कामावर जायची घाई असते, तेव्हा हाच कागद मिस्त्रीपुढे आणि दुकानदारापुढे उपयोगी पडेल.